सावित्री आली, सरपंच आल्या

मराठीत सावित्री भरली असे म्हणतात आणि तिलाच येऊन मिळणारा पऱ्या भरला असे म्हणतात. पाऊस तोच, डोंगर तोच, पाणीही तेच. क्रियापदाचा शेवट तेवढा बदलतो. महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर आणि महाड तालुक्यांतून समुद्राकडे जाणाऱ्या या नदीच्या खोऱ्यात नजर टाकाल तिथे तीन लिंगे दिसतात. डोंगर, कडा, घाट आणि माळ पुल्लिंगी. दरी, खिंड, घळ, नाळ आणि वाट स्त्रीलिंगी. तळे, टाके, रान आणि शेत नपुंसकलिंगी. गावांची नावेसुद्धा यातून सुटत नाहीत. दासगाव आणि पोलादपूर नपुंसकलिंगी, कारण शेवटी गाव आणि पूर. बिरवाडी स्त्रीलिंगी, कारण शेवटी वाडी. या वाटणीचा बाईच्या बाईपणाशी काही संबंध आहे का, आणि असलाच तर तो नेमका कुठे आहे, हा या पुस्तकाचा विषय आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. मराठीत लिंग नामात जेवढे असते त्याहून कितीतरी अधिक वाक्यात असते. म्हणून बाईवर अन्याय करणारी भाषा शोधायची असेल तर नदी, दरी, सुरी यांच्या लिंगात ती सापडणार नाही. माणसांना आपण कोणत्या नावाने ओळखतो आणि त्यांच्यासाठी वाक्य कसे जुळवतो, तिथे ती सापडेल; आणि तिच्यावरचा उपायही मराठीच्या स्वतःच्या घडणीतच आहे.

प्रश्न नवा नाही. पाणिनीने स्त्रीप्रत्ययांसाठी अष्टाध्यायीत एक सबंध प्रकरण दिले. त्यावर लिहिताना पतंजलीने शरीराच्या खुणांवरून शब्दाचे लिंग ठरवता येईल का, याची बारकाईने तपासणी केली. झाडाला किंवा खाटेला अशा खुणा कुठून असणार? अखेर त्याचा निर्णय असा, की लिंग व्याकरणाने शिकवायची गोष्ट नाही, ते लोकांच्या बोलण्यावर अवलंबून आहे. संस्कृतात त्याचा पुरावा ठायी ठायी आहे. पत्नी या एकाच अर्थाचे भार्या, दार आणि कलत्र हे तीन शब्द अनुक्रमे स्त्रीलिंगी, पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी आहेत. मराठीच्या व्याकरणकारांनाही ही अडचण चुकली नाही. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ चे, मोरो केशव दामल्यांचे शास्त्रीय व्याकरण १९११ चे. दोघांनाही लिंगाचे नियम सांगताना अपवादांच्या रांगा लावाव्या लागल्या. विसाव्या शतकात अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९५८ मध्ये जी व्याख्या केली ती मला सर्वांत उपयोगी वाटते. आजूबाजूच्या शब्दांच्या वागणुकीतून दिसणारे नामांचे वर्ग म्हणजे लिंग. नदी स्त्रीलिंगी का, तर ती मोठी, ती भरली, तिची खाडी झाली, असे आपण बोलतो म्हणून. त्यापलीकडे नदीत शोधण्यासारखे बाईपण काही नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की स्त्रीलिंग म्हणजे लहान, नाजूक आणि दुय्यम. त्याला आधार आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. सुरा मोठा आणि सुरी लहान, लोटा मोठा आणि लोटी लहान, दोर जाड आणि दोरी बारीक, कोयता मोठा आणि कोयती लहान. अशा जोड्या मराठीत पुष्कळ आहेत आणि त्यांत लहान वस्तूला ईकारान्त स्त्रीलिंगी रूप मिळाले आहे. पण हाच नियम घेऊन सावित्रीच्या खोऱ्यातल्या पाण्याकडे यावे. पऱ्या, वहाळ, ओढा, नाला हे सगळे पुल्लिंगी आणि हे सगळे नदीहून लहान. ते जिला जाऊन मिळतात ती नदी स्त्रीलिंगी, आणि नदी रुंदावून होते ती खाडीही स्त्रीलिंगी. एका नदीचे नाव तर काळ आहे; शब्द पुल्लिंगी, तरी नदी म्हणून ती काळ भरली असेच म्हणतात. नाजूकपणाचे म्हणाल तर दरड आठवावी. २००५ च्या जुलैत दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर आणि २०२१ च्या जुलैत तळिये, केवनाळे, सुतारवाडी येथे जी कोसळली ती दरड स्त्रीलिंगी आहे, आणि त्याच दिवसांत महाडच्या बाजारपेठेत जो शिरला तो पूर पुल्लिंगी. ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या तोंडी या दोन शब्दांच्या भीतीत लिंगामुळे काडीचा फरक पडत नाही. कोयती स्त्रीलिंगी असली तरी कमरेच्या आकडीला ती लटकवून रानात पुरुषच जातात. नांगरणी आणि लावणी दोन्ही स्त्रीलिंगी, कारण दोहोंच्या शेवटी णी हा प्रत्यय आहे. नांगर पुरुष धरतात आणि भात लावायला चिखलात बायका वाकतात, याची दखल प्रत्ययाने घेतलेली नाही. सावित्रीतली मगर नर असो वा मादी, ती मगरच, आणि ती आलीच म्हणायची. गाय, बैल, वासरू अशी निरनिराळी नावे भाषेने केली, कारण दूध एकीचे आणि ओढकाम दुसऱ्याचे. घार, घूस, सरडा यांच्या बाबतीत माणसाला तशी गरज पडली नाही आणि एकाच लिंगावर भागले.

लिंग मराठीत बिनकामाचे ओझे आहे असे मात्र कोणी समजू नये. ते अर्थ वेगळे करते. शिजतो तो भात पुल्लिंगी आणि शेतात पिकते, झोडले जाते ते भात नपुंसकलिंगी. कोकणातल्या घराला हा फरक शब्दकोशात पाहावा लागत नाही. माझा वेळ गेला आणि माझी वेळ गेली ही दोन वेगळी दुःखे आहेत. मोकळा असतो तो माळ आणि गळ्यात असते ती माळ. परक्या भाषांतून आलेल्या शब्दांनाही हे यंत्र न अडखळता लिंग देते. फारसीत व्याकरणिक लिंगच नाही, पण तिथून आलेला रस्ता मराठीत पुल्लिंगी झाला, जमीन स्त्रीलिंगी झाली. अरबीतली कुर्सी पुल्लिंगी. मराठीत आल्यावर शेवटच्या ईकाराने खुर्ची स्त्रीलिंगी ठरली. एसटी आली, कारण ती गाडी. ट्रक आला, स्टेशन आलं, कंपनी आली. महाडच्या औद्योगिक वसाहतीला कोणी व्याकरणकाराने लिंग नेमून दिले नाही, तरी एमआयडीसी आली असे सगळे एकमुखाने बोलतात. ज्या व्यवस्थेत आजही दररोज नवे शब्द बिनबोभाट सामावतात ती जिवंत व्यवस्था आहे, आणि ती शब्दाचा शेवट पाहते, जुन्या शब्दाशी असलेले नाते पाहते. वस्तूचे शील पाहत नाही.

मराठीने, गुजराती आणि कोकणीप्रमाणे, संस्कृत-प्राकृतातले तिसरे लिंग जपले. हिंदीने ते सोडले. बंगाली आणि असमियाने क्रियापदातले लिंगच सोडले. या तिसऱ्या लिंगात मराठीने आपली लहानगी ठेवली: वासरू, कोकरू, करडू, रेडकू, शिंगरू, पाखरू, लेकरू, आणि मूल. ज्याचे नर-मादीपण अजून कामाला आलेले नाही ते नपुंसकलिंगी, असा त्यात एक माया असलेला विचार दिसतो. मालवणीतला चेडू हा मुलीसाठीचा शब्द याच रांगेतला, आणि गोव्याच्या कोकणीत तरुण मुलीविषयी बोलताना तें आयलें असे नपुंसकलिंगी रूप येते. जर्मनमध्ये मुलगी या अर्थाचा मेट्खन हा शब्द नपुंसकलिंगी आहे, कारण त्या भाषेत लघुत्वाचा खन प्रत्यय लागलेले प्रत्येक नाम नपुंसकलिंगीच होते. परदेशी वाचकाला हे ऐकून धक्का बसतो. मराठी वाचकाला बसू नये, कारण पोरगं हा शब्द आपण रोज लाडाने वापरतो.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. शब्दाचे लिंग बाहेरून निर्हेतुक दिसले तरी ते नकळत मनात उतरते, असे काही मानसशास्त्रज्ञांचे म्हणणे. पूल या अर्थाचा शब्द जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आणि स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी; म्हणून जर्मनभाषकांना पूल सुंदर, डौलदार वाटतो आणि स्पॅनिशभाषकांना भक्कम, अशा आशयाचा एक प्रयोग फार गाजला. पुढे इतर संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फरक हाती लागला नाही. सूर्य जर्मन आणि अरबी भाषांत स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी, फ्रेंचमध्ये नेमके उलटे. या समाजांनी आपापल्या स्त्रियांना दिलेली वागणूक यावरून कोणालाही ओळखता येणार नाही. उलट बाजूने पाहावे तर तुर्की, फारसी, फिनिश यांत तो आणि ती यांना एकच सर्वनाम आहे. फिनलंडच्या आणि इराणच्या बायकांची स्थिती किती भिन्न आहे ते सांगायला नको. म्हणजे व्याकरणातले लिंग पुसल्याने समता येते असेही नाही आणि ठेवल्याने विषमता येते असेही नाही. कथांच्या पातळीवर लिंगाला रंग चढतो, ते खरे. सावित्री देवीच्या शापाने विष्णू कृष्णा नदी झाला, ही महाबळेश्वरची पुराणकथा कृष्ण-कृष्णा या शेवटच्या एका स्वराच्या बदलावर उभी आहे. पण तिथे शब्दाच्या लिंगातून माणसांनी कथा रचली आहे. कथेने शब्दाला लिंग दिलेले नाही.

आता माणसांकडे वळू. इथे माझा सूर बदलतो, कारण इथे लिंग निर्हेतुक नाही. पाणिनीच्या व्यवस्थेत पुरुषाशी असलेल्या संबंधामुळे स्त्रीला मिळणाऱ्या नावांसाठी वेगळे सूत्र आहे. त्या परंपरेने एक फरक काटेकोरपणे सांभाळला: स्वतः शिकवणारी ती आचार्या, आणि आचार्याची बायको ती आचार्यानी. मराठीच्या ईण प्रत्ययाने हा फरक पुसून टाकला. सुतारीण, सोनारीण, मास्तरीण, डॉक्टरीण, पाटलीण. यांतली मास्तरीण शाळेत शिकवणारीही असू शकते आणि मास्तरांची बायकोही. पाटलीण मात्र केवळ पाटलाची बायको. वाघीण स्वतःच्या बळावर वाघीण असते, पाटलीण तशी नव्हती. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याखाली आज गावोगाव ज्या स्त्रिया पोलीस पाटील म्हणून नेमल्या जातात, त्यांना कोणी पोलीस पाटलीण म्हणत नाही. लोकांनी हे ठरवून केलेले नाही. पण पाटलीण शब्दात नवऱ्याचा हुद्दा बसलेला आहे हे कानाला कळते, म्हणून जिचा हुद्दा स्वतःचा आहे तिला आपोआप पोलीस पाटीलच म्हटले जाते. तहसीलदार, आमदार, जिल्हाधिकारी यांचेही तसेच. यावर कोणी म्हणेल, मग अंगणवाडी सेविका, परिचारिका, शिक्षिका ही स्त्रीलिंगी रूपे कशी टिकली? कमी मानाच्या कामाला स्त्रीलिंग आणि मोठ्या पदाला पुल्लिंग, असा हा डाव नाही का? संशय योग्य आहे, पण कारण बरेचसे शब्दाच्या घडणीत आहे. सेवक, शिक्षक, नगरसेवक अशा क-कारान्त संस्कृत शब्दांचे इका रूप सहज होते आणि त्यात बायकोचा अर्थ शिरत नाही. म्हणूनच मुख्याध्यापिका आणि नगरसेविका हेही शब्द रुळले. दार आणि ई यांनी संपणाऱ्या शब्दांना तशी सोय नाही. तरी अंगणवाडीचे पद १९७५ पासून केवळ बाईसाठीच ठेवले गेले आणि मानधनावर ठेवले गेले, हे प्रत्ययाने झालेले नाही. ते धोरणाने झाले आणि त्याचा जाब धोरणालाच विचारला पाहिजे.

मग पदावरच्या बाईला काय म्हणावे? जगात दोन वाटा रूढ आहेत. इंग्रजीने लेखिका, नटी यांसाठीचे वेगळे शब्द हळूहळू बाजूला सारून एकच शब्द दोघांना दिला. जर्मनने उलट प्रत्येक व्यवसायाला इन प्रत्ययाचे स्त्रीरूप आग्रहाने दिले, आणि फ्रेंच अकादमीनेही दीर्घ विरोधानंतर २०१९ मध्ये व्यवसायांची स्त्रीलिंगी नावे मान्य केली. मराठीत या दोहोंचे अनुकरण सुचवणारे लोक आहेत. २००७ मध्ये प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा त्या शब्दातल्या पती या घटकावरून वाद झाला आणि पर्यायी शब्द सुचवले गेले. सरपंचा असे रूपही कुठे कुठे छापलेले दिसते. मला यांपैकी काहीच लागत नाही असे वाटते, आणि त्याचे कारण महाडजवळच आहे. रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला १७ जून १६७४ रोजी जिजाबाईंचे निधन झाले. त्यांना आऊसाहेब म्हणत. साहेब हा परका, पुल्लिंगी शब्द. त्याला कोणी साहेबीण केले नाही. आऊसाहेब आल्या, आऊसाहेब म्हणाल्या. हुद्दा तोच राहिला आणि बाईपण, तेही आदराच्या अनेकवचनासह, क्रियापदाने सांगितले. सरपंच आल्या हे आजचे वाक्य त्याच घडणीचे आहे. इंग्रजीला नामातली खूण काढली की बाई वाक्यातून दिसेनाशी होते. मराठीला ती भीती नाही. पंचायतींत स्त्रियांना आरक्षण देणारी त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते निम्म्या जागांपर्यंत नेले. तेव्हापासून खेड्यांनी कोणत्याही भाषासमितीची वाट न पाहता सरपंच आल्या, सभापती बोलल्या अशी वाक्ये केली. ती व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष आहेत आणि अर्थाच्या दृष्टीने पूर्ण आहेत.

चाणाक्ष वाचक इथे मला अडवील. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापद कर्माशी जुळते. सरपंचांनी ठराव मांडला, या वाक्यात सरपंच बाई आहे की पुरुष हे कसे कळणार? सरपंच येतील, यातूनही कळत नाही. आक्षेप बिनतोड आहे, आणि ग्रामसभेचे इतिवृत्त नेमके अशाच वाक्यांचे बनलेले असते. त्यावर एवढेच म्हणता येते की प्रत्येक वाक्यात बाईचे बाईपण घोषित झालेच पाहिजे, अशी गरज मला दिसत नाही. ठराव कोणी मांडला याला महत्त्व असेल तर सूचक म्हणून तिचे नाव असतेच. चिंता करायची तर त्या नावाच्या आधी काय लिहितात त्याची करावी. पुरुष कुमार असो, विवाहित असो वा विधुर, तो श्री. असतो, बाईला मात्र कु., सौ. आणि श्रीमती यांतून पुरुषाशी असलेले आपले नाते आधी जाहीर करावे लागते, आणि मगच ती सूचक होते. हाही पाटलिणीतलाच ईण आहे, नुसता नावापुढे जाऊन बसलेला. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या परिषदेला जमलेल्या स्त्रियांपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतंत्रपणे बोलले आणि ज्या तऱ्हेच्या नेसण्यावरून, दागिन्यांवरून जात ओळखू येते ती तऱ्हा सोडून द्या, असे त्यांनी सांगितले. लुगडे किंवा दागिना स्वतः वाईट नसतो. तो अंगावर बघणाऱ्याला कोणती माहिती पुरवतो, हा त्यांचा मुद्दा होता. भाषेतल्या खुणांना हीच कसोटी मला लावावीशी वाटते. आल्या या क्रियापदातली खूण फक्त ती आली आणि तिचा मान आहे एवढे सांगते. सौ. आणि पाटलीण यांतली खूण ती कोणाची, हे सांगते.

मानाचीही गोष्ट सरळ नाही. कोणासाठी आली आणि कोणासाठी आल्या, हे खेड्यात वय, नाते आणि जात पाहून ठरत आले आहे. घरातही वडील आले आणि आई आली. आईला एकेरीत हाक मारण्यात जवळीक असते, देवालाही आपण तू म्हणतो, हे उत्तर मला ठाऊक आहे आणि ते खोटे नाही. पण जवळीक एकाच पालकाच्या वाट्याला आणि अनेकवचन दुसऱ्याच्या, ही वाटणी व्याकरणाने केलेली नाही. व्याकरणात दोघांनाही दोन्ही रूपे मोकळी आहेत. दक्षिण महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूरकडे, बायका स्वतःविषयी मी येतो, मी जातो असे सहज बोलतात आणि त्याने त्यांचे काही कमी होत नाही. रूपे माणसांच्या हाती आहेत.

सगळ्यांत अवघड आक्षेप सामान्यनामांचा आहे. सरपंच एक असते, तिची ओळख क्रियापद देते; पण शेतकरी, मजूर, नागरिक अशा समूहवाचक शब्दांत बाई बुडते. कायद्यानेही तसे गृहीत धरले आहे. १८९७ च्या सामान्य कलम अधिनियमात पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचा समावेश होतो असे कलमच आहे. पुल्लिंगात सर्वांना सामावण्याची ही रीत हिंदीची आणि फ्रेंचचीही आहे: शंभर बायकांत एक पुरुष असला तरी रूप पुल्लिंगी. मराठीची मूळ रीत मात्र निराळी आहे. नवरा-बायको आली, बाया-माणसं आली, पोरं आली, गावातली सगळी आली. मिश्र समूहाला मराठी आपले तिसरे लिंग देते, त्याचे अनेकवचन देते, आणि कोणा एकाला दुसऱ्यात विरघळवत नाही. लेखी मराठीत सगळे आले, उपस्थित सर्व जण म्हणाले, अशी पुल्लिंगी रूपे वाढत चालली आहेत. बोलीने अजून ही सोय सोडलेली नाही. आणि जिथे शब्द मुळातच दोघांना मोकळा आहे तिथे तो आपण अरुंद करू नये. महाड-पोलादपूरच्या गावांतल्या जत्रेची, पूजेची निमंत्रणपत्रिका पाहावी. खाली निमंत्रक म्हणून ग्रामस्थ मंडळ, मुंबई मंडळ आणि महिला मंडळ अशी नावे असतात. ग्रामस्थ म्हणजे गावात राहणारे माणूस. त्या शब्दात स्त्रीलाही पूर्ण जागा आहे. महिला मंडळ वेगळे लिहिताच ग्रामस्थ फक्त पुरुष उरतात. आणि या दोन तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या पुरुष कामासाठी मुंबईला राहिले आहेत. लावणीपासून झोडणीपर्यंत वर्षभर गावात राहिल्या त्या बहुतेक बायकाच. त्या पत्रिकेवरचा ग्रामस्थ हा शब्द सर्वांत आधी लागू पडतो तो त्यांनाच.